श्रवणसत्राच्या नोंदी: परत बोलावलेली साथ

३ जुलै २०२४

सप्टेंबरच्या श्रवणसत्राची जबाबदारी माझ्यावर आलीय. दीड तास, पंधराएक ऐकणारे, स्पीकरची एक चांगली जोडी, आणि गाणी जास्त बोलणं कमी हा आपला नेहमीचा नियम. विषय मी कधीपासून धरून बसलोय: वय झालेला रॉक गायक आणि त्याच्या मागे वाजवणारे त्याचे जुने लोक, मधे बरीच वर्षं निघून गेलेली, आणि मग परत एका स्टेजवर. आत्ताच घ्यावासा वाटला कारण गेल्या आठवड्यात नील यंगने क्रेझी हॉर्सबरोबरच्या टूरच्या उरलेल्या सगळ्या तारखा रद्द केल्या, बँडमधले काही जण आजारी पडले म्हणून. यंग ७८ वर्षांचा, क्रेझी हॉर्सचे बिली टॅलबॉट आणि राल्फ मोलिना ऐंशीच्या घरातले. बातमी वाचून दिवसभर तेच डोक्यात होतं, की ही माणसं १९६९ च्या पहिल्या अल्बमपासून एकमेकांना सोडतायत आणि परत धरतायत आणि आता सोडायला कारण लागत नाही, शरीरच सोडतं.

पहिली यादी अशी:
बॉब डिलन आणि द बँड, १९७४.
यंग आणि क्रेझी हॉर्स, अनेकदा.
एल्व्हिस कॉस्टेलो आणि अट्रॅक्शन्स, १९९४.
ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि ई स्ट्रीट बँड, १९९९.
ग्रॅहम पार्कर आणि द रूमर, २०११.

पाच जोड्या दीड तासात बसतात का ते बघू, मला तरी आत्ता वाटतंय बसतील.

७ जुलै

आज फक्त एका शब्दावर अडलो. ‘बॅकिंग बँड’ला काय म्हणायचं? ‘पाठीमागचा बँड’ म्हटलं की नुसती उभं राहायची जागा कळते. ‘साथीदार’ बरं आहे पण पोलिसांच्या बातमीतलं वाटतं. संध्याकाळी मामेभावाला फोन केला. दादाने नऊ वर्षं एका गायकाच्या मागे बास गिटार वाजवलीय, आणि एक दिवस फोन आला की आता नवीन मुलं घेतोय, तुम्ही मोकळे. त्यावर तो कधी फार बोलत नाही आणि मीही काढत नाही. त्याने सरळ सांगितलं, साथ म्हण ना, वाजवण्यातली पण साथ आणि राहण्यातली पण. मी म्हटलं दादा, मग तूच ये ना सत्र तयार करायला, माझ्या कानाला बास कळत नाही. येतो म्हणाला.

सत्राचं नाव ठरलं मग, परत बोलावलेली साथ.

१४ जुलै

डिलनचा भाग ऐकून झाला, आणि यात माझ्या अंदाजापेक्षा खूपच जास्त माल आहे. १९६५-६६ मध्ये हेच लोक हॉक्स नावाने डिलनच्या मागे वाजवत होते आणि लोक रोज हुर्यो उडवत होते, कारण अकूस्टिक गिटारवाला डिलन इलेक्ट्रिकवर गेलेला कित्येकांना सहनच होत नव्हतं. ड्रमर लेव्हन हेल्मला ते इतकं लागलं की १९६५ च्या अखेरीला तो सोडून गेला. १९६७ मध्ये डिलन आणि हे सगळे वुडस्टॉकच्या बाजूला एका गुलाबी घराच्या तळघरात गाणी करत बसले, हेल्म परत आला, १९६८ मध्ये त्यांचा स्वतःचा पहिला अल्बम आला, आणि तोवर साथीचे लोक स्वतःच मोठे झाले होते. नाव काय घेतलं तर द बँड.

म्हणजे जानेवारी १९७४ मध्ये जेव्हा डिलन आठेक वर्षांनी परत टूरला निघाला, ३ जानेवारीला शिकागोत सुरू आणि १४ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसजवळ शेवट, २१ शहरं, ४० कॉन्सर्ट, तेव्हा तो मालक आणि हे नोकर असा मामला राहिलाच नव्हता. कार्यक्रमात द बँडचा स्वतःचा वेगळा भाग होता, डिलन आत जायचा आणि हे त्यांची गाणी गायचे, मग मधे तो एकटा गिटार घेऊन, मग परत सगळे. ही रचना नीट बघितली तर सगळं नातंच त्यात मांडलेलं आहे.

मी एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंग लागोपाठ लावून बघितली, १९६६ ची मँचेस्टरची आणि १९७४ ची. ६६ मध्ये प्रेक्षकांतून ओरडणं ऐकू येतं, आणि गाणं लोकांच्या अंगावर फेकल्यासारखं वाजतं. ७४ मध्ये तेच गाणं जास्त जोरात, जास्त घाईत, आणि लोक आनंदाने वेडे झालेले. वाजवणारे जवळपास तेच, आवाज तितकाच मोठा, फक्त समोरची माणसं बदलली. दादा म्हणाला की ७४ मध्ये कुणीच कुणाची वाट बघत नाहीये, सगळे एकदम पुढे पळतायत. मला ते आधी कळलं नव्हतं, आता कळल्यावर तेच ऐकू येतं.

सप्टेंबरमध्ये त्या टूरच्या रेकॉर्डिंगचा २७ सीडींचा संच येतोय, नेमका आपल्या सत्राच्या आदल्या दिवशी. आपल्याला उपयोग नाही, पण लिहून ठेवतो.

२१ जुलै

कॉस्टेलो काढून टाकला. १९९४ च्या अल्बमला जुना बँड परत आला, १९९६ ला अजून एक झाला, आणि मग बासिस्टबरोबरचं भांडण काही मिटलं नाही. पुढे त्याने उरलेल्या दोघांना घेऊन आणि बासवर दुसरा माणूस बसवून नव्या नावाने बँड चालवला. गोष्ट खरी आहे पण त्यासाठी सत्रातली वीस मिनिटं देता येत नाहीत.

ग्रॅहम पार्करची मात्र फार आवडली मला. १९८० नंतर तो आणि रूमर वेगळे झाले, २०११ मध्ये त्याने नवीन गाण्यांसाठी आधी फक्त ड्रमर आणि बासिस्टला विचारलं होतं, मग ड्रमरच म्हणाला की सगळ्यांनाच का नाही बोलवत, आणि विचारल्यावर सगळे हो म्हणाले. एकतीस वर्षांनी पाचही जण! आणि जुन्याची उजळणी करायला नाही, नव्या गाण्यांसाठी, २०१२ मध्ये एक अल्बम आणि २०१५ मध्ये दुसरा, आणि मग थांबले. यातली तीन मिनिटं कुठे बसवता येतील ते बघतोय.

२८ जुलै

स्प्रिंगस्टीनपाशी आलो आणि खरं सांगायचं तर बाकीचे सगळे लहान व्हायला लागले.

१९७२ पासूनचा बँड. नाव न्यू जर्सीतल्या बेलमार गावातल्या एका रस्त्यावरून पडलेलं, तिथे त्यांच्या पहिल्या पियानोवाल्याच्या आईचं घर होतं. १९८४-८५ मध्ये जगातला सगळ्यात मोठा रॉक बँड म्हणावा इतके मोठे झाले. आणि १९८९ च्या शेवटी शेवटी स्प्रिंगस्टीनने एकेकाला फोन करून सांगितलं की आता मला दुसऱ्या लोकांबरोबर काम करून बघायचंय. क्लॅरन्स क्लेमन्स, सॅक्सोफोनवाला, तेव्हा बीटल्सच्या ड्रमरच्या, रिंगो स्टारच्या, बँडबरोबर जपानमध्ये होता. त्याने पुढे सांगितलंय की फोन आला तेव्हा त्याला वाटलं कामाला लागायचं बोलावणं आलं.

हे मी दादाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, खिडकीकडे बघत बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, हो, असंच वाटतं, फोन आला की पहिल्यांदा बॅग कुठे ठेवलीय तेच आठवतं.

मी विषय बदलला नाही. विचारलं, मग पुढे काय केलंस? तर तो म्हणाला की हेच तुझ्या यादीत कुठे नाहीये, तू सगळीकडे गायकाने काय केलं लिहिलंयस, मधल्या वर्षांत त्या बाकीच्यांनी काय केलं?

बरोबर आहे त्याचं. पुढचा आठवडा त्यावर.

(एक जोड सापडली ती इथेच टाकतो. रिंगोच्या त्या १९८९ च्या बँडमध्ये क्लेमन्सबरोबर निल्स लॉफग्रेनही होता, म्हणजे ई स्ट्रीटचे दोघं. आणि त्याच बँडमध्ये रिक डँको आणि लेव्हन हेल्म, म्हणजे डिलनच्या जुन्या साथीतलेही दोघं. कुणाच्या ना कुणाच्या मागे वाजवलेली चार माणसं एका बीटलच्या मागे.)

४ ऑगस्ट

मधली दहा वर्षं, माणसागणिक:

मॅक्स वाइनबर्ग, ड्रम. १९९३ पासून कोनन ओब्रायनच्या टीव्हीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमात बँडलीडर. म्हणजे ज्याला कामावरून मोकळं केलं तो स्वतः बँड चालवणारा झाला, आणि तेही स्थिर नोकरी.

गॅरी टॅलेंट, बास. नॅशव्हिलला जाऊन दुसऱ्यांचे अल्बम करून दिले.

रॉय बिटन, पियानो. याची गोष्ट वेगळी आणि अवघड. यालाच एकट्याला स्प्रिंगस्टीनने ठेवून घेतलं, १९९२ च्या ‘ह्यूमन टच’ अल्बमवर तो आहे, दोन गाणी दोघांनी मिळून लिहिलीयत, आणि १९९२-९३ च्या टूरला नव्या बँडमध्ये जुना असा तोच. बाकीच्यांना तो भेटला तर काय बोलत असेल असं मनात येत राहिलं.

स्टीव्ह व्हॅन झँट, गिटार. तो १९८४ मध्येच स्वतःहून निघाला होता, फोनची वेळच आली नाही. स्वतःचे अल्बम, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध १९८५ चं ते मोठं गाणं, आणि मग जानेवारी १९९९ मध्ये सोप्रानोज ही टीव्ही मालिका सुरू झाली तेव्हा तो चक्क नट.

निल्स लॉफग्रेन, गिटार. व्हॅन झँट गेला म्हणून १९८४ मध्ये आलेला. स्वतःचं काम चालूच.

डॅनी फेडेरिची ऑर्गन आणि क्लॅरन्स क्लेमन्स सॅक्सोफोन, हे दोघंही वाजवत राहिले.

पॅटी स्कायल्फा, आवाज आणि गिटार. १९८४ पासून बँडमध्ये, १९९१ मध्ये स्प्रिंगस्टीनशी लग्न. तिच्याबाबतीत बँड तुटला आणि घर झालं.

हे कागदावर एकाखाली एक लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की १९९९ मध्ये परत बोलावताना व्हॅन झँट परत आला तरी लॉफग्रेनला काढलं नाही. दोघंही. म्हणजे स्प्रिंगस्टीन धरून तीन गिटार, वर स्कायल्फाची चौथी. आवाजाच्या हिशेबाने एवढ्या गिटारींची गरज नसते, दादा म्हणतो मिक्स करणाऱ्याचं डोकं दुखत असणार. पण एकदा काढण्याचा फोन केलेल्या माणसाने परत बोलावताना कुणालाच काढायचं नाही असं ठरवलेलं दिसतं, आणि मला तरी हा निर्णय सगळ्या टूरमधला सगळ्यात मोठा वाटतो.

१० ऑगस्ट

१९९५ चं प्रकरण वेगळं काढून ठेवलं, कारण लोक ते विसरतात. १९९९ च्या आधी एकदा एकत्र येऊन झालं होतं. जानेवारी १९९५ मध्ये स्प्रिंगस्टीनने सगळ्यांना थोड्या दिवसांच्या सूचनेवर न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बोलावलं, निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी काही नवीन ट्रॅक हवे होते. फेब्रुवारीअखेर तो संग्रह आला. टीव्हीवर वाजवलं, सप्टेंबरमध्ये क्लीव्हलँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, म्हणजे रॉकमधल्या मोठ्या लोकांचा सन्मान करणारं संग्रहालय, त्याच्या उद्घाटनाला वाजवलं, आणि नोव्हेंबरमध्ये स्प्रिंगस्टीनने काय आणलं तर अगदी शांत, जवळजवळ एकट्याचा अल्बम, आणि अकूस्टिक गिटार घेऊन एकटा टूरला गेला.

म्हणजे एकत्र आले आणि धरलं नाही.

का नाही धरलं यावर मी आणि दादा दोन तास बोललो. माझं म्हणणं की संग्रहासाठी बोलावलं म्हणजे जुन्या कपाटासाठी बोलावलं, त्यात पुढे जायला रस्ता नव्हता. दादाचं म्हणणं साधं: चार दिवसांचं काम होतं रे, चार दिवसांच्या कामाला माणूस मन लावून वाजवतो पण सामान सोडत नाही. त्याचं जास्त बरोबर आहे. त्या सेशनमधलं स्वतः बँडवरच लिहिलेलं गाणं, ‘ब्लड ब्रदर्स’, मी शेवटासाठी बाजूला ठेवलंय, कारण त्याला पाच वर्षांनी अजून एक वळण येतं.

१७ ऑगस्ट

आज कच्चं सत्र दोन मित्रांना ऐकवलं आणि ते पडलं. सरळ लिहितो म्हणजे सुधारता येईल. मी पाचपैकी चार जोड्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीची गोष्ट सांगत होतो आणि मग एक गाणं, परत गोष्ट, परत गाणं, आणि चाळीस मिनिटांत दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, स्पीकरकडे नाही. एक जण म्हणाला, तू सांगतोस ते कळतं रे पण ऐकू येत नाही. एकत्र आल्याने गाण्यात काय झालं ते कानाला कळलं पाहिजे ना?

ते गेल्यावर रात्री नुसता एकेक अल्बम लावत बसलो, काही शोधायचं म्हणून नाही. आणि स्प्रिंगस्टीनचा बँड सोडल्यानंतरचा, १९९२ चाच दुसरा अल्बम लावला, ‘लकी टाउन’. बहुतेक वाद्यं त्याने स्वतःच वाजवलेली. त्यात एक तीनेक मिनिटांचं छोटं गाणं आहे, ‘इफ आय शुड फॉल बिहाइंड’, मी मागे पडलो तर माझ्यासाठी थांब आणि तू मागे पडलास तर मी थांबेन, एवढाच मतलब, लग्नातल्या वचनासारखं. एक माणूस दुसऱ्या एका माणसाला म्हणतो.

आणि हेच गाणं १९९९-२००० च्या टूरमध्ये बँडने घेतलं. एकेक जण पुढे येऊन गातो, स्प्रिंगस्टीन, व्हॅन झँट, लॉफग्रेन, स्कायल्फा, क्लेमन्स. जास्त सावकाश, क्लेमन्सचा सॅक्सोफोन मधे, आणि मग तेच शब्द पाच वेगवेगळ्या गळ्यांतून. क्लेमन्स गाणारा माणूस नाही तसा, खोल जाड आवाज, आणि ज्याला जपानमध्ये फोन आला होता तो माणूस त्या ओळी म्हणतो तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला आणि काही वेळ काहीच केलं नाही.

बँड नसतानाच्या काळात लिहिलेलं गाणं, बँडच्याच विरहातलं म्हणता येईल असं, आणि परत आल्यावर ते बँडचं झालं. जुनं हिट परत वाजवलं तर एकत्र आल्याचं काहीच कळत नाही, ते तर नवीन भाड्याचे लोकही वाजवतील. मधल्या वर्षांत जे त्यांच्याशिवाय केलं ते त्यांच्या हातात दिलं की कळतं.

सत्राची रचना बदलतोय. सगळं या दोन रेकॉर्डिंगभोवती.

२४ ऑगस्ट

तांत्रिक काम, कंटाळवाणं पण केलंच पाहिजे. वेगवेगळ्या काळातली रेकॉर्डिंग लागोपाठ लावली की मोठा वाजणारा ट्रॅक आपोआप चांगला वाटतो, हा कानाचा जुना दोष आहे. १९७४ चं डिलनचं लाइव्ह आणि स्प्रिंगस्टीनचा २००२ चा ‘द रायझिंग’ यांच्यात आवाजाच्या पातळीचा फरक फार, दोन हजारच्या आसपास सगळेच अल्बम दाबून मोठे केलेले असायचे. सगळे ट्रॅक सरासरी आवाजाने एका पातळीवर आणले, मोठे होते ते खाली घेतले, लहान वर ढकलले नाहीत. ‘इफ आय शुड’ची १९९२ ची प्रत आणि लाइव्ह प्रत यांच्यात तर मी अगदी कानाने तीनतीनदा तपासलं, कारण इथे फसवणूक झाली तर सगळं सत्रच खोटं.

दोन्हींच्या मधे गप्प बसायचं ठरवलंय, दहा सेकंद, काही बोलायचं नाही.

३१ ऑगस्ट

१९९९ च्या मार्चचा भाग बांधला. तीन-साडेतीन आठवड्यांत सगळं घडलंय.

१५ मार्च, न्यूयॉर्क, स्प्रिंगस्टीनला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. एकट्याला. बँड त्या रात्री त्याच्या मागे वाजवतोय पण सन्मान फक्त त्याचा. २०१४ मध्ये जेव्हा बँडला वेगळं आत घेतलं तेव्हा स्प्रिंगस्टीनने भाषणात स्वतःच सांगितलं की व्हॅन झँटने १९९९ मध्येच त्याला घरी येऊन म्हटलं होतं की बँडलाही बरोबर घेण्याचा आग्रह धर, आणि त्याने तो धरला नाही, कारण (१९९५ चे ते थोडे दिवस सोडले तर) दहा वर्षं एकत्र वाजवलं नव्हतं, दुरावा होता, परत येण्याची पहिली लहान पावलं टाकत होते, आणि स्वतंत्र असण्याचा त्याला अभिमानही होता. हे त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. पण २०१४ पर्यंत फेडेरिची नव्हता, २००८ मध्ये वारला, आणि क्लेमन्स २०११ मध्ये वारला. हे मला अजूनही टोचतं. पंधरा वर्षं उशीर झाला तो झालाच, त्याला काही उपाय नाही, कबुली कितीही खरी असली तरी.

दुसरं, तालीम. न्यू जर्सीतल्या ॲसबरी पार्क गावाचा कन्व्हेन्शन हॉल, समुद्राला लागून. बँड वाजवतोय, सगळं बरोबर, तरी काहीतरी येत नाहीये, आणि स्प्रिंगस्टीनला शंका की आपण हे का करतोय. मग बाहेर ताटकळत असलेल्या थोड्या चाहत्यांना आत घेतलं आणि त्यांच्यासमोर वाजवल्यावर एकदम ते आलं. दादा यावर बराच वेळ हसत होता, आनंदाने, म्हणाला हे कुणी लिहीत नाही पण असंच असतं, बंद खोलीत सगळे एकमेकांच्या चुका ऐकत असतात, समोर माणूस आला की गाणं ऐकायला लागतात.

९ एप्रिलला बार्सिलोनात पहिली कॉन्सर्ट. उन्हाळ्यात न्यू जर्सीत, घरच्या मैदानात, एकाच ठिकाणी १५ रात्री.

७ सप्टेंबर

‘नवीन काय’ हा भाग. टूरसाठी एक नवंकोरं गाणं आणलं होतं, ‘लँड ऑफ होप अँड ड्रीम्स’, आणि ते बहुतेक रात्री अगदी शेवटाकडे वाजवायचे, जिथे सगळे जुनं हिट ठेवतात तिथे. धाडसच आहे. आणि २००० च्या जूनमध्ये, टूर संपायला महिना असताना, अटलांटात ‘अमेरिकन स्किन’ पहिल्यांदा वाजवलं. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या, त्याच्यावरचं. न्यूयॉर्कमध्ये १० रात्री ठरलेल्या, पोलिसांच्या युनियनने बहिष्काराची हाक दिली, आणि बँडने तिथे जाऊन ते वाजवलं. त्याच्याही सुरुवातीला बँडमधले एकेक जण गोळ्यांचा आकडा म्हणतात. परत तेच, एका माणसाचं गाणं अनेक गळ्यांत वाटलेलं, फक्त इथे प्रेम नाही तर जबाबदारी वाटून घेतलीय. दोन्ही गाणी सत्रात जवळजवळ ठेवली.

लॉफग्रेनसाठी एक मिनिट बोलणार आहे. यंगच्या अल्बमवर त्याने १९७० मध्ये पियानो वाजवला तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा. २०१८ मध्ये क्रेझी हॉर्समध्ये परत आला, २०१९ पासून त्यांच्याबरोबर तीन अल्बम केले, आणि या वर्षी यंगच्या टूरला नव्हता कारण ई स्ट्रीटबरोबर टूरवर होता. दोन जुनी घरं आणि दोन्हीकडून बोलावणं. यंगचा भाग एवढ्यावरच राहिला शेवटी, आणि तो असाच बरा वाटतोय.

पार्करची तीन मिनिटं गेली. वाईट वाटलं.

१६ सप्टेंबर

काल रात्री ॲसबरी पार्कच्या समुद्रकिनाऱ्यावर ई स्ट्रीट बँड वाजला, तालमीचा तो हॉल तिथून दिसत असणार. स्प्रिंगस्टीन पुढच्या सोमवारी ७५ वर्षांचा होतोय. सत्राच्या तारखेशी हे असं जुळेल असं जुलैमध्ये वाटलं नव्हतं.

क्रम ठरला:
डिलन १९६६, डिलन १९७४.
फोन. (बोलणं पाच मिनिटं, संगीत नाही.)
‘इफ आय शुड’ १९९२, दहा सेकंद शांतता, मग टूरमधलं.
मार्च १९९९.
‘अमेरिकन स्किन’.
‘लँड ऑफ होप अँड ड्रीम्स’ दोनदा, टूरमधलं आणि २०१२ च्या अल्बमवरचं.
२०१९ मध्ये घरच्या स्टुडिओत पाच दिवसांत, सगळे एकत्र वाजवून केलेल्या अल्बममधलं एक.
‘ब्लड ब्रदर्स’.

२०१२ च्या प्रतीबद्दल. अल्बम आला तेव्हा क्लेमन्स जाऊन काही महिने झाले होते. निर्मात्याने त्याचा सॅक्सोफोन जुन्या लाइव्ह रेकॉर्डिंगमधून उचलून या नव्या प्रतीत बसवला. ऐकताना जोड कळत नाही. साथ देणारा माणूस नाही आणि साथ आहे.

‘ब्लड ब्रदर्स’ शेवटी का, तर १ जुलै २०००, न्यूयॉर्क, टूरची शेवटची रात्र, शेवटचं गाणं हेच होतं, आणि १९९५ मध्ये नव्हतं असं एक कडवं त्याने त्या रात्रीसाठी लिहून आणलं होतं. १९९५ ला जे गाणं प्रश्न विचारून सोडून दिल्यासारखं वाटतं त्याला पाच वर्षांनी पुढचं कडवं मिळालं.

२१ सप्टेंबर

सत्र झालं. सोळा जण होते, एक तास अडतीस मिनिटं झाली, म्हणजे आठ मिनिटं जास्त.

डिलनच्या वेळी लोक अजून खुर्च्यांत सावरत होते. फोनचा भाग सांगताना माझा आवाज थोडा बसला, कारण दादा पहिल्याच रांगेत होता. मग १९९२ चं गाणं, सगळ्यांना छान वाटलं, एकदोघांनी मान डोलावली. दहा सेकंद. मग टूरमधलं सुरू झालं आणि दुसरा आवाज आला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच ‘अच्छा’ म्हटलं. तिसरा, चौथा. क्लेमन्सच्या वेळी खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी काहीही समजावलं नाही आणि गरजही पडली नाही, ऑगस्टमध्ये जे पडलं होतं ते इथे उभं राहिलं.

एका बाईंनी नंतर विचारलं की त्याने सरळ माफी का नाही मागितली, हे सगळं गाण्यातून कशाला. मी म्हटलं २०१४ चं भाषण बरंचसं तेच आहे. त्या म्हणाल्या ते उशिरा. मी काही बोललो नाही, कारण मलाही तसंच वाटतं.

२२ सप्टेंबर

सकाळी दादाचा फोन. रात्री घरी जाऊन त्याने ते टूरमधलं ‘इफ आय शुड’ अजून चार वेळा ऐकलं. म्हणाला, पाच जण पुढे येऊन गातात ते ठीक आहे, सगळे रडतात त्याला, पण स्टेजवर नऊ जण आहेत, मागे जे चौघं राहिले त्यांचं कडवं कुठाय? टॅलेंट, वाइनबर्ग, बिटन, फेडेरिची. मी म्हटलं ते गात नाहीत. तो म्हणाला हो, पण ऐक, आणि मग तो फोनवर बासची चाल तोंडाने गुणगुणायला लागला, गाणारा बदलला की तिथे काय होतं ते दाखवत.

मी ते नीट ऐकलेलं नाही. हेडफोन लावून फक्त बास आणि ड्रम ऐकायचे, अख्खं गाणं, निदान तीनदा. मूळ दर्जाची फाइल दादाला पाठवली. रविवारी तो त्याचा बास घेऊन येतोय, वाजवून दाखवायला.